मोहाचं लेकरू

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात गडचिरोलीला, धानोरा तालुक्यात मित्राच्या गावी गेलो होतो. परसामागचं रान साफ करायचं होतं, म्हणून मीही हौसेनं विळा घेतला. दहा मिनिटांत मित्राची आजी ओरडली, "अगा बाबू, मोहाचं लेकरू होय थे!" तोवर लेकरू आडवं झालं होतं.

आता मोह मी ओळखतो हो! पण आपली ओळख म्हणजे खोड, फूल, फळ. हातभर रोपाकडे यातलं काहीच नसतं. उलट फसवणूकच जास्त. ऐनाची ती सुसरीच्या पाठीसारखी साल मोठ्या झाडाची, पोराची नव्हे. सागाच्या पोराचं पान तर कधीकधी बापापेक्षा मोठं! मोबाइलच्या अ‍ॅपनं मला एकाच रोपाची तीन नावं सांगितली.

आजीची पद्धत सोपी. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल. मोहाचं पान तोडलं की पांढरा चीक. पण चीक उंबरालाही असतो, म्हणून दुसरी खूण: मोहाची पानं फांदीच्या टोकाशी झुपक्यानं येतात. दोन्ही अटी जुळल्या तरच मोह. आमच्या भाषेत, 'अँड' कंडिशन.

एका रोपाचं एवढं काय, असं वाटेल. पण फुलं वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतात, त्यात रोपं जातात. बिया, म्हणजे टोरी, तेलासाठी वेचल्या जातात. उरलेलं गुरं खातात. एवढ्यातून वाचलेलं रोप मी 'साफसफाई'त कापलं.

आपल्याला लावण्याचं भारी कौतुक. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की खड्डे खणण्याआधी आपोआप उगवलेली पोरं ओळखा, त्यांच्याशेजारी काठी रोवा, मग विळा चालवा. मेंढा-लेखासारख्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा ग्रामसभांकडे हक्कही आहे आणि आजीसारखी माणसंही. रोपं मोजायला त्यांच्याइतकं योग्य कोण?

असो. मूळ जिवंत असेल तर फुटेल, असं आजी म्हणाली होती. दर रविवारी मित्राला फोन करून विचारतो. अजून तरी उत्तर 'नाही' असंच येतंय.