आजीला घेऊन दिल्लीला

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त गुरुग्रामला राहतो. नाताळात चार दिवस दिल्ली पाहायला या, असा त्याचा आग्रह आहे. सासूबाईंनाही यायची फार हौस आहे, पण त्यांना दमा आहे. त्यांना घरी ठेवून आम्ही जावे का?

उत्तर : सासूबाईंना मागे ठेवू नका, सहलच पुढे ढकला. डिसेंबर-जानेवारीत तिकडे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूर व धूळ तिच्यातच अडकतात. दमेकऱ्यांना ही हवा बाधते. शिवाय धुक्यामुळे गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर धुके ओसरते, ऊन सुखाचे होते आणि हवाही बहुधा सुधारते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. इन्हेलर पेटीत न ठेवता पर्समध्ये ठेवा. रोज सकाळी हवेचा निर्देशांक पाहा. तो वाईट असेल, तर आजींना घरीच विश्रांती घेऊ द्या.

गुरुग्रामहून मेट्रोची पिवळी लाइन कुतुबमिनारमार्गे थेट नवी दिल्लीला जाते. ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा. कुतुबमिनार स्थानकापासून मिनार लांब आहे, तेव्हा रिक्षा करा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. एक सकाळ गुरुग्रामजवळच्या सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवा. परदेशातून आलेले पक्षी तेव्हाही तलावावर दिसतात.

मुलाला हे समजावून सांगा. त्याची नाताळची सुट्टी हुकेल, पण आजीची दिल्ली हुकणार नाही.