नोटेवरची मराठी ओळ

निजामी अमदानीचे गुण गाताना एक पुरावा हटकून पुढे केला जातो. तो म्हणजे हैदराबाद संस्थानची कागदी नोट. तिच्यावर उर्दूखेरीज मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या भाषाही होत्या. सबब त्या दरबारी सर्व भाषांना सारखाच मान होता, असा हा युक्तिवाद आहे. पुरावा अस्सल आहे. त्यावरून काढलेले अनुमान मात्र उलटतपासणीत टिकत नाही.

प्रथम ती नोटच वाचावी. तिचा मजकूर उर्दूत, सन फसली आणि मराठीच्या वाट्याला आली ती केवळ रक्कम. कोणत्याही खतात देणे कोणाचे, घेणे कोणाचे आणि ते कोणाच्या अधिकाराने, हे ज्या भाषेत लिहिले असेल ती त्या खताची भाषा. समासात रकमेचा तर्जुमा लिहिल्याने दुसरी भाषा त्या खताची धनीण होत नाही.

बरे, ही ओळ तरी आली कशी? पहिल्या महायुद्धात चांदीचा दुष्काळ पडला. संस्थानाने 1918 मध्ये चलनाचा कायदा करून दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. 1919 मध्ये एक व पाच रुपयांच्या आणि 1926 मध्ये हजाराची. तत्पूर्वी रयतेचा व्यवहार चांदीच्या हाली रुपयावर चाले. इंग्रजी कलदार शंभर घ्यावयाचे तर हाली एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै मोजावे लागत. चांदीचा रुपया वाजवून घेता येतो, तोलून घेता येतो. कागद वाचल्यावाचून घेता येत नाही. म्हणून खजिन्याला आमच्या भाषांची आठवण झाली. ज्याला हे पटत नसेल त्याने त्याच राजवटीचे नाणे हाती घ्यावे. चारमिनार, तिच्या कमानीत उस्मान अली खानांच्या नावाचा आद्याक्षर ‘ऐन’, भोवती फारसी लिपीतील बिरुदे. मराठीचे, तेलुगूचे, कन्नडचे एक अक्षर नाही. धातूला भाषांतराची गरज नव्हती!

शिवाय ही बहुभाषी नोट काही निजामी औदार्याचा शोध नव्हे. इंग्रज सरकारच्या 1867 पासूनच्या हिरव्या नोटांवर चारपर्यंत भाषा होत्या आणि पुढे तांबड्या नोटांवर त्या आठवर गेल्या. तेवढ्यावरून इंग्रजांनी देशी भाषांना राजपद दिले, असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

भाषेचा मान पाहावयाचा तो कचेरीत आणि शाळेत. संस्थानच्या प्रजेत तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे आणि मराठी बोलणारे सुमारे पाव होते. कारभार मात्र उर्दूत चाले आणि 1918 साली उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. देवस्थानांच्या इनामांवर व धर्मादायावर देखरेख करणारे ‘उमूरे मजहबी’ हे खातेही त्याच कारभाराचे अंग. ज्या देवळात नित्य मराठी अभंग चालत, त्या देवळाचा हक्क सरकारदरबारी परक्या लिपीत नोंदला जाई, आणि विश्वस्ताला स्वतःचेच दप्तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

यावर कोणी म्हणेल, ‘एक ओळ तर एक ओळ, ती तरी होती ना?’ होती, आणि बाजारात तिचा उपयोगही झाला असेल. परंतु उपयोग आणि अधिकार या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

संस्थान 1948 मध्ये भारतात आले. पुढे 1950 पासून हाली चलन भारतीय रुपयाच्या जोडीने चालले आणि 1959 मध्ये रद्द झाले. हीच कसोटी आपल्या आजच्या नोटेला लावण्यास आपण कचरू नये. तिच्या मागील बाजूस पंधरा भाषांची पट्टी आहे. त्यात कोंकणी आहे, मराठीही आहे, आणि दोघींच्या वाट्याला पुन्हा रक्कमच. देण्याचे वचन हिंदीत व इंग्रजीत. त्या पट्टीत आपली भाषा आहे म्हणून गोव्यात आणि बेळगावात समाधान मानणाऱ्यांनी संविधानाचा अनुच्छेद 348 एकदा वाचावा. संसदेने अन्यथा ठरवीपर्यंत उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, असे तो सांगतो. राज्यपालाला राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने तेथे राज्याची राजभाषा आणता येते, पण ती सवलत निकालाला लागू नाही.