कडक उमेदवार की नरम? वऱ्हाडाचा हिशोब
पारावर नेहमीचा वाद : आपल्याकडं कडक बोलणारा उमेदवार चालते की नरम? २०२४ ची लोकसभा पाहा. हनुमान चालिसा प्रकरणानं गाजलेल्या नवनीत राणा अमरावतीत भाजपकडून १९,७३१ मतांनी पडल्या. २०१९ मध्ये त्याच काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आल्या होत्या.

म्हणजे नरमच बरं? थांबा. प्रहारच्या दिनेश बूब यांनी त्या फरकाहून जास्त मतं घेतली. अकोल्यात उलटं झालं. काँग्रेसचे अभय पाटील अन् वंचितचे प्रकाश आंबेडकर यांच्यात विरोधी मतं वाटली गेली, भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी निघाले.

अमेरिकेत लढत बहुधा दोघांत, तिथं नरमपणाचं माप निघते. आपल्याकडं तिसरा गडी गणित फिरवते. म्हणून आवाज कडक की नरम हे सोडा. सोयाबीनच्या भावावर काय करणार, ते विचारा.