प्रोटीनचा डबा आणि आरसा

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा मुलगा प्रोटीनचा डबा घेऊन आला. "मावशी, हे आपल्याला चालतं का बघ." चष्मा लावून लेबल वाचलं. पनीर करताना जे पाणी उरतं त्याचीच पावडर, अंडं नाही. मग काय, चाललं! मुलगा पान-तंबाखूला शिवत नाही, रोज व्यायाम करतो, म्हणून आम्ही दोघी बहिणी निर्धास्त. प्रश्नच चुकीचा तपासला, असं आता वाटतं.

गेल्या हिवाळ्यात तो शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरला. आधी मीठ बंद, शेवटी पाणीही जवळजवळ बंद. स्नायूंच्या रेषा ठळक दिसाव्यात म्हणून. आपल्याकडे पर्युषणात निर्जळी उपवास करतात ते देहाचा विसर पडावा म्हणून. हा मात्र तासातासाला आरशासमोर. तिसरा आला. मी पेढे केले, तर म्हणतो, "मावशी, पाय बघितलेस का? काड्या दिसत होत्या."

नंतर कळलं, स्टेरॉइडची इंजेक्शनंही चालू होती. त्याला जिममध्ये 'सायकल' म्हणतात. मी आधी खरीच सायकल समजले होते!

मग वाचत बसले. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १०८ शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले ९ जण चांगले धिप्पाड असूनही स्वतःला किडकिडीत समजत. ते नऊही स्टेरॉइड घेणारे. काहींनी तर याच भावनेपायी ती सुरू केली होती. म्हणजे दंड फुगले, समाधान नाही.

बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. औषध सोडलं की काही काळ दोन्ही नाही. मन खचतं, कमावलेलं अंग उतरतं, आणि माणूस पुन्हा सायकलीवर. मी बी.कॉम. झालेली. मला हा फक्त येण्याची बाजू लिहिलेला ताळेबंद वाटतो. जाड होणारं हृदय, घसरणारं चांगलं कोलेस्टेरॉल, घटणारं शुक्रबीज, ही देणी पानावर येतच नाहीत.

स्पर्धांत चाचण्या हव्यात, नक्कीच हव्यात. पण चाचणी औषध पकडेल. 'मी कमी पडतो' हे कसं पकडणार? ते घरातच दिसायला हवं होतं. मुलगी जेवण टाळू लागली की आपण लगेच कान टवकारतो. मुलगा डबा मोजून सहा वेळा खातो, त्याचं मात्र कौतुक. मीही केलं.

आता तो डॉक्टरांकडे जातो. इंजेक्शनं बंद आहेत, वजन उतरलंय. परवा जेवायला आला तर भर मे महिन्यात अंगात लांब बाह्यांचा जाड स्वेटशर्ट. विचारायचं ओठांवर आलं होतं. पंखा त्याच्याकडे वळवला आणि आमटी वाढली.