राजवाड्याची उंची आणि आमची गल्ली

राजवाडा सात मजली आहे, मग आमची मल्टी आठ मजली झाली तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद गेले वर्षभर इंदूरच्या जुन्या वस्तीत मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याला जाहीर उत्तर देणे भाग आहे. आमच्या शेजारचा वाडा विकला गेला. राजवाड्यापासून पायी पाच मिनिटांवर, बारा फुटी गल्लीत. तळघरात गाड्या, खाली दुकाने आणि वर सात मजले फ्लॅट, असा बेत आहे. आमची एक भिंत त्या वाड्याशी सामायिक असल्याने संमतीपत्रावर माझी सही हवी आहे. ती मी दिलेली नाही आणि देणारही नाही.

आधी राजवाड्याचे पाहू. मल्हाररावांनी १७४७ च्या सुमारास तो बांधायला घेतला. त्याचे सात मजले म्हणजे दर्शनी दरवाजाचा भाग. आत चौकाभोवतीची इमारत एवढी उंच नाही. सातांपैकी खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. समोर मोकळी जागा, बाग, अहिल्यादेवींचा पुतळा. एवढे अंगण ज्याच्यापुढे आहे त्याने सात मजले चढवले तर ते शोभतात. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन ओटल्यांवर बसलेली माणसे हात लांब करून सुपारी देऊ शकतात. तिथे आठ मजले म्हणजे समोरच्या घरात दिवसाही दिवा.

शिवाय हा राजवाडा किती वेळा जळला, तेही या मंडळींनी लक्षात घ्यावे. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने जाळला, १९०८ मध्ये आग लागली आणि १९८४ च्या दंगलीत त्याचा मागचा भाग भस्मसात झाला. ज्याच्या पुढ्यात बंब उभे राहायला चौक आहे, त्याची ही गत. आमच्या गल्लीत बंबाची गाडी वळतच नाही. सहाव्या मजल्यावर गॅस पेटला तर शिडी कोणत्या ढगाला टेकवणार?

आता हिशेब. सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे अठ्ठावीस कुटुंबे. घरटी पाच माणसे धरली तर १४० माणसे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे रोज जवळजवळ १९ हजार लिटर पाणी. दुकानांचे वेगळे. ज्या वाड्याच्या जागी ही मल्टी उभी राहणार, तिथे आजवर चार बिऱ्हाडे होती. नर्मदेचे पाणी जलूदहून पंपाने चढवून इंदूरला येते आणि आमच्याकडे एक दिवसाआड येते. येते तेव्हाही गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत धार पोहोचता पोहोचता वेळ संपते. उरलेले पाणी बोरिंग खोदून काढू म्हणतात. जमिनीखाली जणू त्यांच्यासाठी वेगळी नर्मदा वाहते! आणि वापरलेले पाणी जाणार कुठे? त्याच जुन्या ड्रेनेजमध्ये, जे पहिल्या पावसातच आमच्या दारात वर येते.

पण माझी खरी धास्ती तळघराची आहे. आमचे वाडे माती, चुना आणि सागवानी खांबांवर उभे आहेत. त्यांचे पाये उथळ. भिंती एकमेकींच्या आधाराने टिकलेल्या. शेजारी पंधरा फूट खड्डा खणला की आमच्या पायाखालची माती त्या बाजूला सरकू लागणार. भरात पावसाळा आला आणि खड्ड्यात पाणी साचले, तर भिंत किती दिवस तग धरील? जुन्या वस्त्यांत घरे पडतात ती बहुतेक अशीच, आणि दुसऱ्या दिवशी म्हटले जाते, 'मकान जर्जर था.' जर्जर घर काल उभे होते आणि आज पडले, यामध्ये काय घडले हे कोणी विचारत नाही.

यावर मला उत्तर मिळाले, 'काकाजी, जमाना बदल गया है.' बदलला असेल. गुरुत्वाकर्षण बदलल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

वाडा विकणारे आपलेच, हेही कबूल करायला हवे. सहा वारस, त्यांतले चार पुण्याला नाही तर परदेशात, भाडे पन्नास रुपये, छप्पर दर पावसाळ्यात गळते. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या गळक्या छपराला आठ मजले हे एकच औषध आहे, हे मला मान्य नाही.

दुसरे औषध या शहराला शंभर वर्षांपूर्वीच सांगितले गेले आहे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले होते. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. जुन्या वस्तीवर सरसकट कुदळ चालवू नये, अगदीच सडलेले घर तेवढे काढावे, त्या जागी थोडी मोकळी हवा येऊ द्यावी आणि बाकीची घरे दुरुस्त करावीत, ही त्यांची रीत. प्लेगच्या त्या दिवसांत दिवाळीला त्यांनी इंदुरात एक मिरवणूक काढली. घाणीचा राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर, आणि स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? जिथल्या लोकांनी घरे झाडून, दुरुस्त करून घेतली असतील, त्या रस्त्याने! शहर साफ करवून घेण्याची इतकी हुशार युक्ती मी दुसरी वाचलेली नाही. त्या माणसाला आमची गल्ली पाडावीशी वाटली नसती.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे. २०१० पासून ते कायद्यातच आले. आमच्या गल्लीतले वाडे कोणाच्याच यादीत नाहीत. त्यांच्या बाजूने बोलायला राहणाऱ्यांशिवाय कोणी नाही. १९८४ ला जळालेला राजवाड्याचा भाग उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने २००६ पासून पुन्हा उभारला गेला, तोही जुन्या पद्धतीने, चुन्यात. राजवाड्यासाठी चुना कालवायचा आणि पाच मिनिटांवर त्याच काळच्या भिंती खड्ड्यात जाऊ द्यायच्या, याला काय म्हणावे?

आमचे म्हणणे फार नाही. तीन मजले बांधा, तळघर नको, सामायिक भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. मी उद्या सही करतो. वारसांना त्यातही पैसे मिळतील, बिल्डरचा नफा तेवढा कमी होईल. हरकतीचा अर्ज मी निगमात दिला आहे, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्यांसह. त्यांत मराठी घरे चारच. बाकीची गुजराती, मारवाडी, बोहरा. मराठी घरांपैकी दोघांनी 'बघू' म्हणून कागद ठेवून घेतला.

मल्हारगंजात, नंदलालपुऱ्यात, रामबागेत ज्यांची घरे अजून उभी आहेत त्यांना माझी एकच विनंती: शेजारच्या मल्टीचे संमतीपत्र घेऊन कोणी आले तर चहा जरूर द्या, पण आधी तळघराचा नकाशा आणि तुमच्या भिंतीची लेखी हमी मागा. मी दोनदा मागितली. अजून आलेली नाही.