लपवण्यासारखं आहे तरी काय?

महाड-पोलादपूरकडच्या कागदपत्रांची ये-जा हल्ली व्हॉट्सॲपवरून चालते. चाकरमानी मुंबईत, जमीन गावी. महामार्गाच्या चौपदरीकरणाचा मोबदला असो की वारसनोंद, आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो आधी भावाच्या फोनवर जातात आणि तिथून बाजारपेठेतल्या सेवा केंद्रात. कोणी हटकलं तर उत्तर तयार असतं: "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

आहे. 2018 साली तेलंगणात एकाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून खरेदीखतं उतरवून घेतली, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. त्या खातेदारांकडे तरी लपवण्यासारखं काय होतं?

दुसरा दावा जरा शहाणा: व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, मग भीती कसली? 2016पासून तिथला मजकूर एका फोनवर कुलूपबंद होऊन निघतो आणि दुसऱ्या टोकालाच उघडतो, हे खरं. वाटेत कोणी वाचत नाही. पण वाट संपते ती केंद्रातल्या संगणकावर. तिथे व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं, 'डाउनलोड्स'मध्ये गेल्या पावसाळ्यापासूनची आधार कार्डं, आणि त्याच खुर्चीत येणारा-जाणारा प्रिंट काढायला बसतो. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो म्हणावं, तर तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे कोणाला ठाऊक नसतं? शिवाय पुष्कळदा तो फाइलखालीच टाइप करून पाठवलेला असतो.

"मग कागदच बरा" म्हणणाऱ्यांनी 22 जुलै 2021 आठवावा. सावित्री-गांधारीच्या पाण्यात बाजारपेठ बुडाली, तेव्हा कपाटातल्या फायलींचं काय झालं हे महाडकरांना सांगायला नको.

तेव्हा पाठवावं, पण बेतानं. पहिले आठ अंक झाकलेलं 'मास्क्ड आधार' आधारच्याच संकेतस्थळावर मिळतं. नुसती ओळख पटवायची असेल तर ते पुरतं. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो आणि त्यावरच्या 16 अंकी क्रमांकावरून खरा-खोटा पडताळता येतो. डिजीलॉकरमध्ये सरकारी खात्यानेच जारी केलेला दस्त तर कायद्याने मुळाच्या बरोबरीचा.

खरी अडचण रेंजची. डिजीलॉकरला ओटीपी लागतो. डोंगरातल्या वाडीवर तो पोचेपर्यंत मुदत टळते, आणि आजीच्या आधारला जोडलेला नंबर मुंबईतल्या नातवाच्या खिशात असतो. मग केंद्रात जाणं आलंच. काम झालं की तिथेच उभं राहून फाइल पुसून घ्यावी, रीसायकल बिनमधूनही. केंद्रचालक कुरकुरला तर 2023चा डेटा संरक्षण कायदा त्याच्यासारख्यांसाठीही केलेला आहे, हे सांगावं. सरकारी टेबलांनी मात्र डिजिटल प्रत समोर असताना वर झेरॉक्स मागणं आधी थांबवायला हवं.