तीन कॉर्डांचे संगीत आणि उजव्या हाताचा अंगठा

कंट्री हे अवघ्या तीन कॉर्डांचे संगीत आहे, त्यामुळे अकूस्टिक गिटार नव्याने हाती घेणाऱ्याने डाव्या हाताने जी, सी आणि डी या कॉर्ड पक्क्या कराव्यात, उजवा हात सहाही तारांवरून वर-खाली फिरवत राहावा, म्हणजे शैली आपोआप साधते, असे मत शिकणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांतही रूढ आहे. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांचा मेळ, आणि या संगीतातील असंख्य गाणी अशा तीन मेळांवर उभी आहेत, हे निर्विवाद आहे; हँक विल्यम्स यांचे १९५२ चे ‘जांबालाया’ तर दोनच कॉर्डांवर चालते. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ही चूक नवशिक्याला फार महागात पडते.

ज्या संगीतात स्वरमेळ मोजके असतात, त्याचे स्वत्व लयीत आणि आघातात शोधावे लागते. त्याच तीन कॉर्ड सरसकट छेडल्या तर रॉकही वाजते आणि प्रार्थनागीतही. कंट्रीची ओळख पटते ती उजव्या हातामुळे: चार मात्रांच्या चालीत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला अंगठा खर्जाची एकेकच तार छेडतो, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला बारीक तारांवरून हलका फटकारा जातो. वादकांच्या बोलीत याला ‘बूम-चिक’ म्हणतात. अंगठा दर वेळी तीच तार घेत नाही. जी कॉर्डमध्ये तो आधी सर्वांत जाड अशा सहाव्या तारेवर आणि मग चौथ्या तारेवर जातो, आणि या अदलाबदलीमुळेच एकच कॉर्ड बराच वेळ वाजूनही चाल पुढे सरकत राहते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा गिटारवादक मेबेल कार्टर यांच्या वादनात आहे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी कार्टर कुटुंबाचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा मेबेल अठरा वर्षांच्या होत्या. त्याच कुटुंबातील सारा कार्टर गात आणि ऑटोहार्प वाजवत, त्यामुळे गाण्याची धून आणि ठेका हे दोन्ही गिटारलाच सांभाळावे लागे. मेबेल यांनी धून अंगठ्याने जाड तारांवर घेतली आणि मधल्या जागा तर्जनीच्या फटकाऱ्यांनी भरल्या. १९२८ च्या ‘वाइल्डवुड फ्लॉवर’मध्ये ही रीत, म्हणजेच पुढे ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणून ओळखली गेलेली शैली, स्पष्ट ऐकू येते. त्या गाण्यातही कॉर्ड तीनच आहेत. ब्रिस्टलच्या आसपासच्या डोंगराळ भागातील माणसांच्या हाती हे संगीत जन्मजात होते, असे मानणाऱ्यांनी लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय वादकाचे ऋण विसरू नये; त्यांच्याकडून मेबेल यांनी गिटारचे बरेच काही घेतले. हा हात शिकून कमावलेला होता.

यावर दुसरा आक्षेप असा घेतला जातो की अंगठ्याचे काम पुढच्या पायरीचे आहे, ते आरंभीच लादले तर नवशिक्या गांगरतो. शरीराचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. पोलादी तारांमुळे सुरुवातीच्या आठवड्यांत डाव्या हाताची बोटे इतकी दुखतात की त्यांचा सराव थोड्या थोड्या वेळानेच करता येतो. उजव्या हाताला ती वेदना नसते. मग डाव्या हाताला विश्रांती देऊन मोकळ्या तारांवर अंगठा आणि फटकारा यांचा संथ सराव का करू नये? शिवाय सहाही तारा एकदम झोडण्याची सवय एकदा मनगटात मुरली की कोणत्या कॉर्डचा खर्ज कोणत्या तारेवर आहे हे अंगठ्याला कळतच नाही, आणि ती सवय मोडणे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड असते.

कॅपो, म्हणजे सर्व तारा एकाच जागी दाबून धरणारा चिमटा, ही पळवाट आहे, हा आरोपही टिकणारा नाही. गायकाच्या पट्टीत जाऊनही मोकळ्या तारांचा खर्ज त्यामुळे हाताशी राहतो.

अंगठा आधी शिकवावा याचे सर्वांत मोठे कारण मात्र कॉर्ड बदलताना दिसते. सरसकट छेडणारा नवशिक्या जीवरून सीकडे जाताना थांबतो आणि लय तुटते. अंगठा तयार असेल तर तो सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरील (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरील आडव्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेले घर) जी, पाचवी मोकळी तार म्हणजे ए, तिच्या दुसऱ्या फ्रेटवरील बी आणि तिसऱ्या फ्रेटवरील सी असे चार स्वर एकेका मात्रेला घेत जातो. या चालण्याच्या अवधीत जीची पकड सुटते, उरलेली बोटे सीच्या जागांकडे वळतात, आणि शेवटचा स्वर घेणारी अनामिका सीच्या कॉर्डमध्येही नेमकी त्याच जागी हवी असल्याने कॉर्ड तिच्याभोवतीच बसते. डाव्या हाताची म्हणून जी अडचण समजली जाते, ती अशी उजव्या हाताने सुटते. म्हणून पहिला पाठ जी या एका कॉर्डचा आणि दोन खर्जांचा असावा, दुसरा या चार स्वरांचा, आणि डी त्यानंतर यावी.